आमनाची सावड

१

पापड लाटायला बसलं की ठमाबाईला रेडिओ लागत नसे, टीव्ही लागत नसे, आणि कुणाचा सल्ला तर मुळीच लागत नसे. पेणच्या त्या गल्लीत एकेकाळी चैत्र सरता सरता दर ओटीवर पोह्याच्या पापडांची लाटणी वाजायची. आता बायका मशीनचे पापड आणतात आणि पाहुण्यांना घरचे म्हणून वाढतात. ठमाबाई पंचाहत्तरीला टेकली होती, तरी पीठ स्वतः कुटायची. मुसळ हातात घेऊन सुनेला विचारायची, "प्रतिक्षा, मशीनला घाम येतो का गो? नाय ना? मग चव कुठून येणार?"

"शी! आई, तुमचा घाम नाय खायचा आम्हाला."

"खातेस की. आणि वर दोन मागून घेतेस."

त्या सकाळी हिंग संपला म्हणून प्रतिक्षा बाजारात गेली होती. मुलगा निकेश कंपनीत पहिल्या शिफ्टला. ओटीवर ठमाबाई एकटी. समोरच्या ताटात तेल लावलेल्या लाट्या, त्यांच्यावर ओलं फडकं. लाटलेले पापड सुपात रचायचे, सूप भरलं की मागच्या पडवीत न्यायचे आणि धुतलेल्या जुन्या लुगड्यावर पसरायचे. पन्नास वर्षं हेच.

सूप घेऊन ती पडवीत गेली आणि वाकल्या वाकल्या थांबली. लुगड्याच्या कडेला एक पापड होता, त्याच्या काठाला खळगा. नखाएवढा.

ठमाबाईच्या पापडाला खळगा? लोक तिच्या पापडाला रुपया म्हणत. प्रतिक्षाचे पापड नकाशासारखे व्हायचे हे खरं, पण तिनं आज लाटण्याला हात लावला नव्हता.

"उंदीर," ठमाबाई मोठ्यानं म्हणाली. मोठ्यानं म्हटलं की गोष्ट पक्की होते, अशी तिची समजूत. पण उंदीर कुरतडतो तेव्हा काठ फाटतो. हा काठ दबलेला होता, कुणाची तरी करंगळी टेकल्यासारखा.

असा पापड लाटणारी एकच बाई तिनं उभ्या जन्मात बघितली होती. त्या बाईला गेल्या श्रावणात रोह्याच्या कब्रस्तानात ठेवलं होतं.

तिनं तो पापड उलटा केला, ओटीवर आली आणि लाटायला बसली. सर्र, सर्र. थोड्या वेळानं मनगट दुखलं म्हणून तिनं हात उचलला.

लाटण्याचा आवाज एक फेर उशिरा थांबला.

२

ठमाबाई धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरांच्या खारातली. चौथीतून काढली आणि सोळाव्या वर्षी पेणमध्ये दिली. पण वाचायची खोड काही गेली नाही. मिठाच्या पुडीचा कागद, सुकटीचा कागद, जे हाताला लागेल ते चुलीपुढं वाचायची. मॅट्रिकला बाहेरून बसली आणि पास झाली. मग एक दिवस नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन कॉलेजात निघाली. सव्वीस वर्षांची बाई.

सासू दारात आडवी उभी राहिली. "परत कधी येशील?"

"शिकून झालं की."

वर्गात शिरली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "कुणाची आई आलीय रे?" पोरं हसली. ठमाबाईनं सगळ्या वर्गावर अशी नजर फिरवली की पुढच्या दोन बाकांनी तरी हसणं गिळलं. पण जागा कुणी देईना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका सडपातळ पोरीनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस ना. बाक काय आमच्या बापानं दिलेला नाय."

ती आमना. रोह्याची. तिच्या मोहल्ल्यातून कॉलेजात येणारी पहिली मुलगी, एसटीनं ये-जा करायची. पहिल्याच वर्षी त्या एसटीच्या दारात तिची डावी करंगळी चेंगरली आणि कायमची ताठ राहिली. आमना डावखुरी. लिहिताना ती करंगळी कागदावर अशी उभी राहायची, जसा चौकात हवालदार.

इंग्रजीचं पुस्तक ठमाबाईला भिंतीसारखं वाटायचं. आमना म्हणाली, मी शिकवते.

"फुकट शिकवणार असशील तर नको."

"मग काय देशील?"

ठमाबाईकडे द्यायला होते फक्त हात. म्हणून दोघींची सावड ठरली. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे. पैशाचा संबंध नाही. आमना पेणला येऊन इंग्रजी शिकवी आणि वर पापडही लाटी, म्हणजे ठमाबाईचं काम मागं पडू नये. मग ठमाबाई रोह्याला जाऊन आमनाच्या घरचे पापड लाटून देई. दोघी बी.ए. झाल्या. आमना रोह्यात शाळेत लागली, शेवटी हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाली. ठमाबाईनं नोकरी केली नाही. खारातल्या लोकांचे अर्ज लिहिले, तलाठ्याशी भांडली, मिठागराच्या कामगारांना त्यांचं हक्काचं मिळवून दिलं. वर्षं सरली, केस पिकले. दर उन्हाळ्यात एक दिवस पेणला, एक दिवस रोह्याला, हे सुटलं नाही. आमनाचा पापडही सुधारला नाही. ती ताठ करंगळी काठाला टेकायचीच.

"आमने, तुझ्या चंद्राला कुणी चावलंय बघ."

"तूच चावली असशील ठमे. तुझे दात लांब, जीभ त्याहून लांब."

३

सावडीचे बायकांचे आपले कायदे असतात, ते कुठं लिहिलेले नसतात. लाटणं ज्याचं त्यानं न्यायचं आणि उठताना आठवणीनं परत आणायचं. लाटणं मागं राहिलं, तर दिवस पुरा झाला नाही असं धरतात आणि परत जाऊन बसावं लागतं. दुसरं म्हणजे, सावड अंगावर असताना एखादी बाई मेली, तर उरलेलीनं तिच्या उंबऱ्यावर जाऊन "फिटली" म्हणायचं आणि तिला मोकळी करायची. तसं नाही केलं, तर सावड राहते. मग ज्या घरावर दिवस निघतो, तिथल्या सुनेवर ती जाते.

आमना गेली तेव्हा दिवस आमनावर निघत होता. आदल्या चैत्रात ठमाबाई रोह्याला जाऊन आली होती. परतफेडीला आमनाला जमलं नाही, दुखण्यानं धरलं.

शेजारची धोंडुबाई त्या वेळी म्हणाली होती, "फिटली म्हणून ये गो ठमे. एवढा शब्द टाकायला तुझं काय जातं?"

"आमनाचं जातं," ठमाबाई म्हणाली. "तिनं जन्मात कुणाची सवलत घेतली नाय. मेल्यावर मी तिला सवलत देऊ?"

कॉलेजात शोकसभा झाली. बोलणारे सगळे एकच बोलले: आमना मॅडम फार प्रेमळ, फार परोपकारी. ऐकून ऐकून ठमाबाईच्या अंगाची लाही झाली. ती उठली आणि माईक ओढून घेतला.

"परोपकारी कुणाला म्हणता? आमना कुणाचं फुकट घ्यायची नाय आणि कुणाला फुकट द्यायची नाय. म्हणून तर ती माझी मैत्रीण. तुमच्या उपकारवाल्या बायका शंभर बघितल्या, हिशेबाला ताठ अशी एकच बघितली. माझा एक दिवस तिच्यावर निघतो. ती ठेवणार नाय. तुम्ही बघाच."

लोक हसले, कुणी डोळे पुसले. टाळ्याही पडल्या. खाली बसताना ठमाबाईची छाती अभिमानानं भरून आली होती. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं नाही. ते आलं आत्ता, पडवीत.

४

त्या दिवशी ठमाबाईनं काम थांबवलं नाही. दुसरी कुणी असती तर किंचाळत रस्त्यावर गेली असती. ठमाबाईनं फक्त ओटी आणि पडवी यांच्यामधलं दार लोटून घेतलं, पडवीकडे पाठ केली आणि लाटत राहिली. पाठीमागून आवाज येत होता. सर्र, सर्र, टक्. आमनाच्या लाटण्याची एक मूठ सैल होती, ती फेर संपताना टक् वाजायची.

कान वाजतायत, ती स्वतःला सांगत होती. म्हातारपण आहे. रक्तदाब आहे. शेजारी कुणी खलबत्ता घेऊन बसलंय. तिच्याकडे कारणं पुष्कळ होती. फक्त ताटातल्या लाट्या ती करत होती त्यापेक्षा लवकर संपत होत्या, याला कारण सापडत नव्हतं.

प्रतिक्षा हिंग घेऊन आली, ती थेट पडवीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अगो बाय! आई, हे एवढे कधी झाले? कोण आलेलं?"

ठमाबाई दारात जाऊन उभी राहिली. लुगडं भरून गेलं होतं. एका बाजूला तिचे रुपये. दुसऱ्या बाजूला खळग्याचे पापड, सारखे ओळीनं, हेडमास्तरणीनं मुलं उभी करावीत तसे. आवाज थांबला होता. पोळपाट नाही, माणूस नाही. बाकीच्या फरशीवर पिठाची एक चिमूटही सांडलेली नव्हती. आमनाचं काम असंच स्वच्छ असायचं.

"मैत्रीण आलेली," ठमाबाई म्हणाली.

"मग गेली पण? चहा तरी द्यायचा."

ठमाबाईला भीती वाटली, हे कशाला नाकारायचं? पण त्या भीतीच्या पोटात दुसरंही काही होतं. बघा, तिला वाटलं. बघा, सभेत हसणाऱ्यांनो. ठेवली का तिनं?

मग रात्री जेवताना घास हातात तसाच राहिला. आमनाचा दिवस फिटला होता. म्हणजे आता सावड ठमाबाईवर होती.

५

ती गेली नाही. चार दिवस, आठ दिवस, बघू, गुडघे दुखतायत, ऊन फार आहे. आयुष्यात पहिल्यांदा ठमाबाईनं कुणाचा दिवस लांबवला.

एका सकाळी प्रतिक्षा भांडी घासता घासता डावा हात झटकत होती.

"काय झालं गो?"

"काय नाय. करंगळी वळत नाय. झोपेत दबली असेल." ती परत भांड्यांना लागली आणि वर न बघताच म्हणाली, "रोह्याला कधी जायचं मग?"

"कुणी सांगितलं तुला रोह्याचं?"

प्रतिक्षानं मान वर केली. "तुम्हीच ना? आत्ता पडवीतून हाक मारलीत. म्हणालात, दिवस राहिलाय."

ठमाबाई चुलीपाशी उभी होती. पडवीत ती सकाळपासून गेलीच नव्हती.

तिनं खुंटीवरची पिशवी काढली, आपलं लाटणं जुन्या पदरात गुंडाळून आत घातलं आणि चपला पायात सरकवल्या. अंगावर आलेलं अंगावर घ्यायचं, सुनेच्या पोरवयावर ढकलायचं नाही. आज जाऊन दिवस फेडायचा आणि निघताना उंबऱ्यावर "फिटली" म्हणायचं. गर्व गेला खड्ड्यात.

"डबा तरी न्या," प्रतिक्षा म्हणाली.

"सावडीला जेवण घरवालीचं असतं," ठमाबाई म्हणाली आणि आपल्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला.

६

गाडीनं रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन सोडलं की आमना तिला घ्यायला घरून निघायची. आज रोह्याला कुणी नव्हतं. ठमाबाई रिक्षा करून मोहल्ल्यात उतरली. आमनाचा मुलगा शरीफ कुवेतला, घराची किल्ली त्याच्या चुलतभावाच्या बायकोकडे, सहरकडे.

"ठमाखाला! कळवायचं तरी. घर महिनाभर उघडलेलं नाय, धूळ किती असेल."

"असू दे गो. थोडं बसते आणि जाते."

सहरला वाटलं, म्हातारीला रडायचं असेल. तिनं कुलूप काढलं, चहा घेऊन येते म्हणाली आणि गेली.

आत बंद घराचा वास होता. फरशीवर धूळ इतकी की ठमाबाईची पावलं उमटत गेली. फक्त तिची. मागची पडवी अर्ध्या अंधारात. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आलेली. त्या पट्टीत पोळपाट मांडलेला होता, पुसून लख्ख. शेजारी ताट, त्यावर फडकं.

ठमाबाईनं फडक्याला बोट लावलं. ओलं होतं. खाली लाट्या होत्या, तेल लावलेल्या, अजून कोमट.

तिथूनच "फिटली" म्हणून मागं फिरता आलं असतं. पण काम न करता फिटली म्हणणारी ती बाई नव्हती. ती बसली. पिशवीतून लाटणं काढलं.

"आले गो," ती म्हणाली. "उशीर झाला. पण आले."

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिथं कुणीतरी सावरून बसल्यासारखा कपड्याचा आवाज झाला. मग सुरू झालं. सर्र, सर्र, टक्.

ठमाबाई लाटत राहिली. भीती होती, पण हाताला वळण होतं. भीतीपेक्षा वळण जुनं. तिनं वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपला पापड गोल झाला का, हे आमना दर वेळी मान वळवून बघायची, आणि ते बघितलं की ठमाबाई मुद्दाम पापड उंच धरून दाखवायची. पन्नास वर्षांची सवय. तिचा हात आपोआप वर गेला, पापड उन्हात धरला गेला, आणि त्याच्या आडून दाराची फट दिसली.

फटीतून एक डावा हात बाहेर आलेला होता, जमिनीलगत. ताटातली लाटी घ्यायला. तो फार लांबून आला होता. खोलीच्या पलीकडच्या भिंतीपासून ताटापर्यंत जेवढं अंतर होतं, तेवढा लांब. करंगळी उभी होती.

ठमाबाईनं पापड खाली केला. लाटी घेतली. लाटत राहिली.

ताट रिकामं झालं तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवर चढली होती आणि दारात सहरचा चहा कधीचा गार होऊन पडला होता. ठमाबाईनं चाचपडत लाटणं उचललं, पदरात गुंडाळलं, पिशवीत टाकलं. उंबऱ्यावर येऊन ती बाहेर तोंड करून उभी राहिली. हा शब्द म्हणजे शेवटची भेट, हे तिला कळत होतं.

"फिटली," ती म्हणाली. "आमने, दोघींची फिटली. मोकळी हो."

आतून काहीच आलं नाही. टक् सुद्धा नाही.

७

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आल्या आल्या तिनं विचारलं, "बोट वळतंय का?"

"नाय हो. उद्या डॉक्टरला दाखवते." प्रतिक्षानं तिच्या हातातली पिशवी घेतली, लाटणं काढून पदर सोडला आणि म्हणाली, "अगो! आई, हे कुणाचं? छान बसतंय हाताला."

ते ठमाबाईचं नव्हतं. एका बाजूनं झिजलेलं, एक मूठ सैल. प्रतिक्षानं ते डाव्या हातात धरलं होतं. ती डावखुरी नव्हती. तिनं सहज फिरवलं, तसं ते वाजलं. टक्.

ठमाबाईनं पायरी धरली आणि खाली बसली. आपलं लाटणं रोह्याला राहिलं. दिवस पुरा धरला गेला नव्हता. काम पुरं न होता नुसत्या शब्दानं सुटायचं, हे आमनाला पन्नास वर्षांत कधी पटलं नव्हतं, ते आता काय पटणार? आमना सवलत घ्यायची नाही. द्यायची तर नाहीच.

आणि मग, इतक्या भीतीतही, ठमाबाईला हसू आलं. बाक आमच्या बापानं दिलेला नाय म्हणणारी ती पोर. वाकली नाही. मातीत गेली तरी वाकली नाही.

"दे इकडं," ती म्हणाली.

"बघू तरी द्या जरा..."

"प्रतिक्षा. दे."

तो आवाज तलाठ्यानं ऐकला होता, मिठागराच्या मालकानं ऐकला होता. प्रतिक्षानं लाटणं पुढं केलं. ठमाबाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि घट्ट धरलं. प्रतिक्षानं हात झटकला, बोटं मिटली, उघडली. "अगोबाय, वळली बघा! आपोआप."

ठमाबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. लाटण्यावर चार बोटं वळली होती. डावी करंगळी सरळ उभी होती. ती वाकवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"उद्या सकाळच्या गाडीला जाते," ती म्हणाली.

"परत रोह्याला? अहो आत्ताच आलात. कशाला? आणि परत कधी येणार?"

ठमाबाई उठली. पदर डोक्यावर घेतला, पन्नास वर्षांपूर्वी याच दारात घेतला होता तसा, आणि लाटणं पिशवीत घातलं.

"फिटली की," ती म्हणाली.